टायरगाडी, अंगद आणि विम्याची भाषा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज; बालाघाटाच्या माथ्यावरची आणि पायथ्याची गावे अर्धी रिकामी होतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत भांडीकुंडी, सरपण, ज्वारी-बाजरीची पोती, कोंबड्या, शेळ्या आणि त्या साऱ्यावर बसलेली माणसे. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पोचल्यावर याच माणसांच्या हाती वाहतुकीची निरनिराळी साधने येतात. कोणी स्वतःचे बैल कारखान्याच्या टायरगाडीला जुंपतो, कोणाचा ऊस मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरला जातो. अलीकडे एक तिसरा प्रकार रूढ झाला आहे: लहान ट्रॅक्टरमागे टायरगाडीएवढ्याच गाड्या एकीमागे एक जोडायच्या. काही भागांत याला ‘अंगद’ म्हणतात, काही भागांत सरळ ‘जुगाड’. रामायणातला वीर आणि उसाची गाडी यांचा संबंध कोणी जोडला, हा शब्दकोशकारांचा प्रश्न. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आली, तिच्यावरून कोणी पडले, तर विम्याच्या कागदात तिचे नाव काय, आणि पडलेल्या माणसाचे नाव काय?

साहित्याच्या अभ्यासकांपुढे मोटार विम्याचा इतिहास मांडणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या इतिहासात गाड्यांपेक्षा व्याख्या अधिक आहेत. एखादी वस्तू काय आहे, हे तिच्या रूपावरून ठरते की तिच्या उपयोगावरून, की तिला दिलेल्या नावावरून, हा प्रश्न आपण वर्गात वेगळ्या संदर्भात विचारतो. न्यायालयांनी तो ट्रॅक्टरच्या संदर्भात विचारला आहे, आणि उत्तरावर कोणाच्या तरी घरची चूल अवलंबून राहिली आहे.

एक अगदी अलीकडचे उदाहरण प्रथम घेऊ. क्वाड बाईक नावाचे एक वाहन असते: चाके चार, वळवायला मोटारसायकलीसारखे हँडल, बसायचे घोड्यावर मांड घालावी तसे. डोंगरातल्या सहलीच्या ठिकाणी ती भाड्याने फिरवतात. कुंपणाच्या आत ती चालवायला कोणी आडवत नाही. रस्त्यावर आणायची तर नोंदणी हवी, नोंदणीसाठी ती कोणत्या तरी मान्य वर्गात बसायला हवी, आणि नोंदणीच नाही तर विमा कशाचा उतरवायचा? २०१८ मध्ये पोलारिस या अमेरिकी कंपनीने आपली ‘स्पोर्ट्समन ५७०’ ही क्वाड बाईक भारतात रस्त्यासाठी मान्य करून घेतली, ती शेतीचा ट्रॅक्टर म्हणून. गाडी तीच, नाव बदलले आणि रस्ता उघडला. बीडच्या शेजारी वाळूजला बनणाऱ्या बजाजच्या क्यूटची कथा याच्या उलट. जानेवारी २०१२ मध्ये ती लोकांना दाखवली गेली, पण ती रिक्षा नव्हती आणि कारही नव्हती. ‘क्वाड्रिसायकल’ हा नवा वर्ग सरकारदरबारी सिद्ध होऊन ती महाराष्ट्रातल्या खासगी ग्राहकाला मिळायला २०१९ उजाडले. जिने जुने नाव पत्करले तिची वाट सोपी झाली, जिने नवे मागितले तिला सात वर्षे थांबावे लागले.

‘ट्रॅक्टर’ या शब्दाची कायद्यातली व्याख्याही मोठी मौजेची आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॅक्टर म्हणजे असे मोटार वाहन, जे स्वतः कोणताही भार वाहून नेण्यासाठी बांधलेले नाही. थोडक्यात, ट्रॅक्टरची व्याख्या नकाराने केली आहे. ओढणे हे त्याचे काम. वाहणे हे मागे जोडलेल्या वस्तूचे. त्या मागच्या वस्तूला कायदा ‘ट्रेलर’ म्हणतो, आणि मोटार वाहनाने ओढले जाणारे, किंवा ओढले जावे असा उद्देश असलेले, कोणतेही वाहन (साइडकार आणि अर्ध-ट्रेलर वगळता) ट्रेलर ठरते. आता टायरगाडीकडे पाहा. तिला बैल जुंपलेले असतात तोवर मोटार कायद्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. नोंदणी नाही, चालकाला परवाना नाही, विम्याची सक्ती नाही. तीच गाडी ट्रॅक्टरच्या हुकात अडकवली की त्या क्षणी ती ट्रेलर होते आणि कायद्याची सारी कलमे तिच्यावर चढून बसतात. लाकूड, लोखंड, टायर काहीच बदललेले नसते.

विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला; जोखीम मात्र येथल्या व्यापारी बोलीतली. जोखमी हुंडी आपल्या सराफ्यात प्रचलित होती: माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे चुकते व्हायचे, म्हणजे हुंडी विकत घेणारा मालाची जोखीम अंगावर घेत असे. ही जोखीम मालाची. माणसाची, आणि तीही रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची जोखीम वाहनमालकाने सक्तीने विकत घेतलीच पाहिजे, ही कल्पना विसाव्या शतकातली आहे. ब्रिटनमध्ये ती १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने रुजली. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात ती आली, पण ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले १ जुलै १९४६ पासून. तेही ब्रिटिश हिंदुस्थानात.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याने रस्त्यावरची प्रवासी वाहतूक लवकर हाती घेतली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाच्या बसगाड्या १९३२ मध्येच धावू लागल्या होत्या. रेल्वे परळीपर्यंत आली. बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. त्यामुळे या जिल्ह्याचा प्रवासाचा इतिहास हा प्रामुख्याने रस्त्याचा, आणि गरिबांच्या बाबतीत बैलगाडीचा व पायांचा इतिहास आहे. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५० चे दशक सुरू होता होता, मध्यवर्ती मोटार कायदा या मुलखालाही लागू झाला. मोटारी मोजक्याच होत्या. कायदा आला काय, न आला काय, गावाला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो उसामुळे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन दशकांत गोदावरी, प्रवरा, नीरा, कृष्णा, पंचगंगेच्या काठी कारखान्यांची धुराडी उभी राहिली. बारमाही पाण्याच्या मुलखाला तोडणीसाठी माणसे लागत होती आणि बालाघाटाच्या कोरडवाहू मुलखाला काम. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट कायमची मळवली. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणायचे, मुकादमाने हंगामाआधी त्यांना उचल द्यायची, त्यांनी फडात तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचती करायची. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी, हा अलंकारशास्त्रातल्या लक्षणेचा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे. सांगताना मात्र आवाज थोडा अडखळतो.

टायरगाडी बहुधा कारखान्याची, भाड्याने दिलेली, बैल कामगाराचे. रात्री-अपरात्री उसाने लादलेल्या गाड्यांची रांग कारखान्याच्या वाटेवर असते. मागून येणाऱ्या ट्रकने अशा गाडीला धडक दिली तर निदान कायद्याचा मार्ग सरळ आहे: ट्रकच्या विम्याच्या दृष्टीने गाडीवान हा त्रयस्थ. ट्रकमालक आणि विमा कंपनी हे कराराचे दोन पक्ष, रस्त्यावरचा अनोळखी माणूस तिसरा; सक्तीचा विमा त्या तिसऱ्यासाठीच आहे. बैल मात्र मालमत्तेत मोडतात, आणि त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीपुरती १९८८च्या कायद्यातली सक्ती होती ६,००० रुपयांची. कंपन्यांच्या दरपत्रकात याहून मोठी मर्यादा देण्याची सोय पुढे झाली हे खरे. पण जोडी मेल्यावर उचल मात्र फिटलेली नसते, आणि पुढचा हंगाम त्या जोडीच्याच भरवशावर ठरलेला असतो. काही कारखाने कामगारांचा, बैलांचा आणि कोप्यांचा गटविमा काढतात, ते याच अनुभवातून.

खरी गुंतागुंत सुरू होते ती माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसतो तेव्हा. येथे आम्हाला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. तोच कामगार रस्त्याच्या कडेने चालत असताना ट्रॅक्टरखाली आला तर तो त्रयस्थ आहे, विमा कंपनी बांधलेली आहे. तो चार फूट वर, उसाच्या मोळ्यांवर बसलेला असताना खाली पडला तर तो कोण? पहिला पक्ष नाही, दुसरा नाही, आणि तिसराही असेलच असे नाही. चौथा पक्ष कायद्याला ठाऊक नाही.

१९३९ च्या कायद्याने या प्रश्नाला एक उत्तर देऊन ठेवले होते, आणि ते ब्रिटिश कायद्याच्या शब्दांतून आलेले होते. वाहनातल्या प्रवाशांचा विमा सक्तीचा नाही, अपवाद दोन: भाडे वा मोबदला घेऊन नेले जाणारे प्रवासी, आणि नोकरीच्या करारामुळे नेली जाणारी माणसे. हा दुसरा अपवाद ऊसतोड कामगाराला किती जवळचा! पण ‘नोकरीचा करार’ कोणाशी? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादमाजवळ स्टँपपेपरवर अंगठे असतात, पण ते उचलीच्या कर्जाचे. त्या कागदात नोकरी हा शब्द शोधावा लागतो. बीड जिल्ह्याच्या स्थलांतराचा सारा प्रश्न, म्हणजे या माणसाचा मालक कोण, विम्याच्या या एका उपवाक्यात येऊन बसला होता.

१९८८ च्या कायद्यात ते शब्द राहिले नाहीत. १४ नोव्हेंबर १९९४ पासून दुरुस्ती झाली, आणि मालवाहू वाहनातल्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा विमा सक्तीचा झाला. ऊस शेतकऱ्याचा, शेतकरी त्या ट्रॉलीवर बसला तर तो मालाचा मालक. कामगार त्या मालाचा मालक नाही, प्रतिनिधी म्हणावे तर कोणी लिहून दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सत्पाल सिंग खटल्यात (२०००) मालवाहू वाहनातल्या प्रवाशालाही विम्याचे छत्र आहे असा अर्थ लावला होता. आशा राणी खटल्यात (२००३) तो अर्थ रद्द झाला. इंग्रजीत अशा प्रवाशासाठी जो शब्द आहे त्याचा आपल्याकडे ‘फुकट प्रवासी’ असा अनुवाद होतो. पहाटे चारला उठून तोडलेल्या उसावर बसून गव्हाणीकडे जाणाऱ्या बाईला फुकट प्रवासी म्हणणे म्हणजे अनुवादाने केलेला अन्याय होय. पण मूळ शब्दही फारसा वेगळा नाही.

त्यात भर ट्रॅक्टरच्या पॉलिसीची. ट्रॅक्टरचा विमा उतरवताना उपयोगाची मर्यादा लिहिलेली असते: शेतीच्या कामासाठी. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात शेतीचा ट्रॅक्टर ‘संकीर्ण व विशेष प्रकारची वाहने’ या वर्गात आहे. त्याच वर्गात शववाहिका, रोड रोलर, अग्निशामक, कचऱ्याच्या गाड्या, फिरती दुकाने आणि सिनेमाच्या जाहिरातीच्या गाड्याही आहेत. (ही यादी एखाद्या नवकवितेत खपून जाईल.) मग ऊस कारखान्याला पोचवणे हे शेतीचे काम की व्यापाराचे? आपल्याच शेतातला ऊस आपल्याच ट्रॅक्टरने नेणारा शेतकरी आणि कारखान्याशी करार करून हंगामभर भाड्याने वाहतूक करणारा ट्रॅक्टरमालक यांच्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तर ओळखू येणार नाहीत. चिन्नम्मा खटल्यात (२००४) भाजीविक्रेता आपल्या भाजीसह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जात होता. ते शेतीचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. ब्रिजमोहन खटल्यात (२००७) वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून मजूर पडला; तेही शेतीचे काम नव्हे. मात्र त्या दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला सांगितले की मजुराला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. कायदा एका बाजूला आणि करुणा दुसऱ्या बाजूला असे चित्र यातून काढणे सोपे आहे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. त्या मजुराला विम्याच्या व्याख्येत जागा मिळाली नाही. मिळाली ती अपवादात, आणि अपवादासाठी त्याला दिल्लीपर्यंत जावे लागले.

‘जुगाडा’ला तरी कायद्याने एकदा स्पष्ट नाव दिले. २०१३ मध्ये राजस्थान परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की इंजिन बसवून घरगुती जोडणीने बनवलेले जुगाड हेही मोटार वाहनच आहे, आणि नोंदणी व विम्याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही. निकाल योग्यच होता. पण वाहनाला नाव मिळाले म्हणजे त्यावर बसलेल्याला मिळते असे नाही.

कामगाराला नाव देणारा एक जुना कायदा होताच: १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, जो २०१० पासून कर्मचारी भरपाई कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला. त्यात एक मोलाचे तत्त्व होते: कंत्राटदारामार्फत काम करून घेणारा मुख्य मालक भरपाईची जबाबदारी झटकू शकत नाही. म्हणजे मुकादम, वाहतूकदार, कारखाना या साखळीत वरपर्यंत चढण्याची शिडी कायद्याने दिली होती. पण कामगार कोणाला म्हणावे याची यादी त्या कायद्याला जोडलेली होती, आणि तिच्यात शेतीकाम आले ते कसे? ट्रॅक्टरने किंवा वाफ, वीज अथवा अन्य यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनाने शेती करणारा. कोयत्याने तोडणारा त्या वाक्यात शिरावा कसा? गंमत अशी की मोटार कायद्यात ज्या ट्रॅक्टरने त्याला त्रयस्थाच्या जागेवरून उठवले, तोच ट्रॅक्टर या दुसऱ्या कायद्यात त्याला आत घ्यायला उभा आहे. कोणत्या दारातून जायचे हे ठरवणारा वकील शहाणा असावा लागतो.

आणि दार उघडे असण्याचा काळही मोजका. १९९४ च्या त्याच दुरुस्तीने दोन चांगल्या गोष्टी केल्या होत्या. दावा दाखल करण्याची मुदत काढून टाकली, आणि दावेदाराला आपण राहतो तेथल्या न्यायाधिकरणात दावा करण्याची मुभा दिली. म्हणजे अपघात कोल्हापूरला झाला काय किंवा बेळगावला, विधवेला बीडमध्ये दावा लावता येतो. दुसरी गोष्ट टिकली. पहिली २०१९ च्या दुरुस्तीने गेली: १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांची मुदत आली. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अपघात झाला तर कुटुंब उचल फेडण्यासाठी हंगाम संपेपर्यंत फडातच असते. कागद गोळा करायला गावी परतते तेव्हा मुदत सरत आलेली असते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. बीड-केज-आष्टीच्या घरांशी या आदेशाचा किती निकटचा संबंध आहे, हे बातमी वाचताना क्वचितच कोणाच्या ध्यानात आले असेल.

राज्याने आपल्या परीने काही केले. शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना २००५-०६ पासून होती; पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले, आणि एप्रिल २०२३ पासून विमा कंपनीला बाजूला ठेवून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपात आली. मुंडे परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे, ऊसतोड कामगारांचे नेते. ३ जून २०१४ रोजी दिल्लीच्या रस्त्यावर झालेल्या मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाच्या योजनेत आरंभी सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच जागा होती; २०१९ मध्ये कुटुंबातल्या आणखी एकाला मिळाली. ज्याच्याजवळ सातबाराच नाही, त्या भूमिहीन कोयत्याला हे दार बंदच राहिले.

त्याच नावाने ऊसतोड कामगारांसाठी वेगळे कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळलेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, अशी त्याच्या निधीची रचना ठरली. टनावर आकारणी म्हणजे पुन्हा मालावरच. पण निदान यातून माणसाकडे पैसा वळवण्याची सोय झाली. त्यासाठी आधी माणसे मोजायला हवीत, म्हणून नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम २०२१ मध्ये ग्रामसेवकांवर सोपवण्यात आले. कामगार कोण, हे कारखान्याने सांगायचे नाही, वाहतूकदाराने नाही, मुकादमानेही नाही. सांगायचे त्या गावाने, जेथे तो वर्षातले पाच-सहा महिने नसतो. ग्रामसेवकाने यादी दिवाळीनंतर करायला घेतली तर त्याला दारोदार कुलपे आणि ओसरीवर बसलेली म्हातारी माणसे भेटतील. नावे त्यांनाच सांगावी लागतील.